जेवणाच्या टेबलावरचं लांबट झुंबर : आधी पंखा आणि छत, मग दुकान

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या बाजूला नवा फ्लॅट, छत १० फूट. जेवणाचं टेबल ६ फूट बाय ३ फूट, आणि त्याच्या बरोबर मधोमध छताला पंख्याचा हुक. शेजारी मोकळं स्वयंपाकघर, त्यात मध्यभागी सुटा ५ फुटांचा ओटा, ज्याला हल्ली सगळे आयलंड म्हणतात. तुम्हाला ५ फूट लांबीचं क्रिस्टलचं आयताकृती झुंबर आवडलंय आणि ओट्यावरही त्याच्याच जोडीचं धाकटं घ्यायचा विचार आहे. शिवाय सासूबाईंकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरातून आलेल्या तीन काचेच्या हंड्या, म्हणजे छताला टांगायचे जुने काचेचे दिवे, गुंडाळून ठेवल्यात, त्यांचं काय करावं हेही विचारलंत.

ताई, ते ५ फुटी झुंबर या टेबलावर घेऊ नका, आणि पंख्याचा निर्णय झाल्याशिवाय दुसरंही घेऊ नका. मी या शहरात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम खूप वर्षं करते आहे. झुंबर फसलेलं मी ज्या ज्या घरांत पाहिलं, तिथे बहुतेक वेळा वस्तू चांगलीच होती. ती आणायच्या आधी डोक्यावर काय आहे आणि खाली कोण बसणार आहे, हे कोणी पाहिलं नव्हतं.

पंख्यापासून सुरुवात करू. झुंबरांची जी चित्रं आपण पाहतो, त्यांतल्या घरांना छताचा पंखा नसतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, लू वाहते. त्या दिवसांत पंख्याशिवाय कोणी टेबलावर जेवायला बसणार नाही. ताटं उचलून बैठकीत कूलरसमोर जातील आणि झुंबराखालचं टेबल कागद-पिशव्या ठेवायची जागा होईल. म्हणून आधी ठरवा, वारा कुठून येणार.

नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे फिरताना तो ४ फुटांचं वर्तुळ व्यापतो. तो टेबलाच्या मधोमध असेल तर त्याच्या खाली काही टांगता येत नाही. बाजूला सरकवला तरी पात्याचं टोक आणि झुंबराची कड यांत निदान २ फूट मोकळे हवेत, नाहीतर लोलक दिवसभर किणकिणतात, तारा हलतात आणि वरचे आटे हळूहळू ढिले होतात. आणखी एक गोष्ट. पंखा खाली आणि दिवा त्याच्या वर किंवा पात्याच्या बरोबरीने, अशी मांडणी झाली तर पात्यांच्या सावल्या ताटावर सारख्या फडफडतात. पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या खोलीत मी असं करीन : मधला पंखा काढायचा, टेबलाच्या दोन्ही टोकांच्या बाहेर ६०० मिलिमीटरचे दोन लहान पंखे घ्यायचे. तेवढी लांबी नसेल तर भिंतीवरचा एक चांगला पंखा, साडेसात फुटांवर, बसणाऱ्यांच्या पाठीकडून तिरका वारा देणारा. भिंतीवरचा पंखा घरच्यांना दिसायला आवडत नाही हे मला माहीत आहे. पण दोन्हीपैकी काहीच जमत नसेल, तर पंखा आहे तिथे राहू द्या आणि झुंबराचा नाद सोडा. तेव्हा भिंतीवरचे दोन दिवे आणि टेबलावर रोखलेले छतातले तीन-चार छोटे दिवे पुरतात. याने टेबल उत्तम उजळतं आणि मी स्वतः हा पर्याय अनेकांना आनंदाने सुचवते.

पंख्याचा प्रश्न सुटला असं धरून माप बघू. झुंबराचं माप खोलीवरून काढू नका, टेबलावरून काढा. लांबी टेबलाच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. तुमचं टेबल ७२ इंच, म्हणजे ३६ ते ४८ इंच. ६० इंची झुंबर टांगलं तर दोन्ही टोकांना सहा-सहा इंचच उरतात. टोकाच्या खुर्चीवरचा माणूस उठताना पुढे झुकला की कपाळ थेट कडेवर. रुंदी टेबलाच्या रुंदीपेक्षा एकूण फूटभर तरी कमी हवी. तुमचं टेबल ३६ इंच रुंद, म्हणजे नियमाने २४ इंचांपर्यंत चालेल. मी मात्र १० ते १४ इंचांवर थांबेन, कारण आपल्या घरी वाढणारी व्यक्ती उभी असते. आमटीचं पातेलं हातात, पळी पुढे, पदर किंवा ओढणी खांद्यावर. टेबलाच्या कडेपासून झुंबराच्या कडेपर्यंत फूटभर हवा मोकळी असली की वाढणारीचं डोकं आणि हात दोन्ही निर्धास्त राहतात.

उंचीबाबत पुस्तकी नियम आठ फुटी छताला टेबलाच्या पृष्ठभागापासून झुंबराच्या तळापर्यंत ३० ते ३६ इंच, आणि छत एक फूट वाढलं की साधारण तीन इंच वर असा सांगतात. तुमच्या १० फुटी छताला त्या हिशोबाने ३६ ते ४२ इंच येतात, पण मी ३४ ते ३६ इंचांवरच थांबेन. टेबल ३० इंच उंच धरलं तर झुंबराचा तळ जमिनीपासून साडेपाच फुटांच्या थोडा अलीकडे येतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतात, म्हणजे समोरच्याचा चेहरा झुंबराच्या खालून पूर्ण दिसतो. याहून वर नेलं तर झुंबर टेबलापासून सुटतं आणि खोलीत कुठेतरी लटकलेलं वाटतं. उंच छत आहे म्हणून झुंबरही वर चढवायचं, हा मोह आवरा.

आता गणित करा. छत १२० इंच, तळ ६५ इंचांवर, झुंबराची स्वतःची उंची १२ इंच. म्हणजे तारेची किंवा दांडीची लांबी ४३ इंच लागते. बऱ्याच झुंबरांसोबत एक मीटर, म्हणजे ३९ इंच तार येते. कमी पडली की कारागीर जागेवर जोड देतो, आणि हा जोड मी कुठल्याही घरात चालवून घेत नाही. लांब तार आधीच मागवा. फॉल्स सीलिंग करणार असाल तर ते जितकं खाली येईल तितकं वजा करा.

हे आकडे पटत नसतील तर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ४८ बाय १२ इंचांचा कापा, त्याला १२ इंचांच्या बाजू चिकटवा आणि हुकाला सुतळीने टांगा. चार दिवस त्याखाली जेवा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला टोकाच्या खुर्चीवर बसवा, सासूबाईंना वाढायला सांगा. कोणाला काय टोचतं ते दुसऱ्याच दिवशी कळेल, आणि दुकानात तुम्ही आकडा घेऊन जाल.

आपल्या घरांतली आणखी एक सवय विसरू नका : टेबल हलतं. गौरी-गणपती, हळदीकुंकू, मुंज, सत्यनारायण, काही असलं की टेबल भिंतीला लागतं आणि मधली जागा मोकळी होते. मग साडेपाच फुटांवर लटकणारी धातूची चौकट खोलीच्या मध्यभागी, आणि खाली पाहुण्यांची ये-जा. तेव्हा तारेला दाबून सरकणारी पकड असलेलं झुंबर घ्या, म्हणजे ते सणाच्या दिवशी दोन फूट वर घेता येतं. ताठ दांडीचं असेल तर ही सोय नाही. पकड सरकवताना दोन माणसं लागतात आणि वीज बंद करून करावं, पण काम दहा मिनिटांचं आहे.

आता छत. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

पंख्याच्या हुकाला साधारण चार-पाच किलोचा पंखा लटकतो. चार फुटी क्रिस्टलचं, लोखंडी चौकटीचं झुंबर सहज पंधरा किलोंच्या घरात जातं. स्लॅबमध्ये ओतताना नीट अडकवलेला हुक याहून कितीतरी जास्त पेलतो, पण तुमच्या छतातला हुक तसा आहे की नंतर ठोकून बसवलेला, हे पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. शिवाय लांबट झुंबराला एक टांग, म्हणजे छतापासूनची एकच दांडी किंवा तार, पुरत नाही. मधोमध एकाच दांडीवर चार फुटांची चौकट असेल तर एका बाजूचे लोलक पुसायला काढले की ती दुसऱ्या बाजूला कलते. निदान दोन टांगा, चार असल्या तर उत्तम, आणि प्रत्येक टांग स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने (छेदात फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) धरलेली. छेद घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला स्लॅबमधल्या पाइपची वाट शोधायला लावा. पंख्याच्या डब्यापासून स्विचबोर्डाकडे जाणारी रेघ टाळा.

फॉल्स सीलिंगच्या जिप्समच्या पाट्याला किंवा त्याच्या पत्र्याच्या सांगाड्याला काहीही टांगू नका. पाटा साडेबारा मिलिमीटर जाड असतो. तो दिसण्यासाठी आहे, वजनासाठी नाही. दांड्या त्यातून आरपार वर स्लॅबला जायला हव्यात, आणि त्या सीलिंग बंद होण्याआधी बसायला हव्यात. म्हणजे झुंबराचं माप सीलिंगवाला यायच्या आधी ठरलेलं हवं. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो : सीलिंग, रंग, मग झुंबराची खरेदी, आणि शेवटी कोणीतरी पाट्यात भोक पाडून लाकडाचा तुकडा सरकवतं.

बसवल्यानंतर, झुंबर चढवण्याआधी, टांगांवर त्याच्या तिप्पट-चौपट वजन एक रात्र लटकवून ठेवा. सिमेंटच्या गोणीचं वजन ५० किलो असतं, तीच बांधून ठेवता येते. खाली टेबल किंवा माणूस नको. हे ऐकून कारागीर नाखूश होतो, तरी आग्रह धरा. आपल्या शहरात तर याचा दाखला आहे. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांच्या काळात जयविलास महाल बांधला गेला. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास, आणि ती टांगण्याआधी छत पेलतं का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. हत्तींची कथा किती खरी हे बाजूला ठेवू. आधी छताची परीक्षा आणि मग झुंबर, हा क्रम मात्र अगदी बरोबर आहे.

लष्करात, जुन्या वस्तीत ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी इथेच सांगते. लोखंडी गर्डर आणि त्यांवर दगडी पटिया, असं छत असेल तर पटियामध्ये ड्रिल घालू नका. वालुकाश्माचा पत्थर थरांचा असतो, हातोड्याच्या ड्रिलने त्यात चीर जाते, आणि ती आज दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी दिसते. वजन नेहमी गर्डरवर घ्या. गर्डरच्या खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी पकडणारे लोखंडी क्लॅम्प लोहाराकडून करून मिळतात. झुंबर टेबलाच्या मध्याशी जुळत नसेल तर दोन गर्डरांच्या मध्ये एक आडवी पट्टी टाका, किंवा सरळ टेबल हलवा. टेबल हलवणं फुकट असतं.

विजेचं एकच सांगते. झुंबराची चौकट धातूची आहे, म्हणून तिला अर्थिंग हवंच. छताच्या पॉइंटला कित्येक घरांत दोनच तारा आणलेल्या असतात. नवीन घरातही उघडून पाहा, तिसरी हिरवी तार आहे का, आणि ती नुसती वळवून कोंबलेली नाही ना. पुसताना ओला हात या चौकटीला लागणार आहे.

आता उजेड. दुकानात झुंबर पाहताना आजूबाजूला शंभर दिवे लागलेले असतात, तिथे काही कळत नाही. तुमचं टेबल १८ चौरस फूट, म्हणजे साधारण १.७ चौरस मीटर. जेवायला ३०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर ३०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) उजेड भरपूर झाला, म्हणजे टेबलावर ५०० ल्युमेन पोचायला हवेत. पण झुंबराचा बराचसा उजेड छताकडे, भिंतींकडे आणि काचेत जिरतो, म्हणून सगळ्या बल्बांचा मिळून १८०० ते २५०० ल्युमेन धरा. चांगल्या एलईडीत हे २० ते २५ वॅटमध्ये होतं. सहा होल्डर असतील तर प्रत्येकी ४ वॅट. ९ वॅटचे सहा बल्ब लावाल तर टेबल रेल्वेच्या फलाटासारखं पांढरंफटक होईल.

उजेडाचा रंग ३००० केल्विन घ्या, किंवा २७०० (आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). आपल्याकडे घरभर ६५०० चा निळसर पांढरा उजेड लावायची सवय आहे, कारण तो जास्त प्रखर वाटतो. त्या उजेडात पिवळं वरण फिकट दिसतं, गाजराचा हलवा तपकिरी दिसतो आणि पाहुण्यांचे चेहरे आजारी. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा पाहा, ९० किंवा जास्त हवा. साध्या स्वस्त बल्बांचा ८० असतो, आणि तो फरक टोमॅटो, डाळिंब, लाल तिखटाच्या तर्रीवर लगेच कळतो. अन्नासाठी दिवा घेताय, तर हा आकडा क्रिस्टलच्या प्रतीपेक्षा महत्त्वाचा.

सध्या दुकानांत थ्री-इन-वन दिव्यांचा जोर आहे : बटण बंद-चालू केलं की पिवळा, मग मधला, मग पांढरा. ऐकायला सोयीचं. पण वीज गेली-आली की तोही रंग बदलतो आणि रोज संध्याकाळी घरातलं कोणीतरी तीनदा बटण दाबत बसतं. एकच रंग घ्या आणि उजेड कमी-जास्त करायची सोय घ्या. त्यासाठी बल्ब आणि डिमर दोन्ही एकमेकांना चालणारे लागतात. पंख्याचा जुना रेग्युलेटर लावू नका, एलईडी लुकलुकते आणि जळते. दुकानदाराला तोच बल्ब त्याच डिमरवर लावून, अगदी कमी उजेडावर नेऊन दाखवायला सांगा. साधा, जुन्या पद्धतीचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर डिमर गुणगुणतो. तेव्हा झुंबराची लाइन इन्व्हर्टरवर घेऊ नका, भिंतीवरचा एखादा दिवा घ्या.

बल्ब बदलता येणारं झुंबर घ्या, यावर मी ठाम आहे. आतच एलईडीची पट्टी चिकटवलेली असते त्या प्रकारात एलईडी टिकते पण तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणारी छोटी डबी, जातो. आपल्याकडचा व्होल्टेजचा चढउतार त्याला मानवत नाही. तोच ड्रायव्हर दोन वर्षांनी मिळेल याची खात्री कोणी देत नाही. पट्टीवालंच आवडलं असेल तर एक ड्रायव्हर त्याच दिवशी जास्तीचा विकत घ्या, त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे हे पाहून, आणि तो झुंबर न उतरवता बदलता येईल अशा जागी बसवून घ्या. होल्डर ई-१४ किंवा ई-२७ (आट्यांचा, लहान किंवा मोठा) असेल तर बल्ब कुठेही मिळतात. क्रिस्टलच्या चपट्या झुंबरांत जी-९ नावाचे टिचभर दोन काड्यांचे बल्ब असतात. ते लवकर तापतात, लवकर जातात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मी ते टाळते.

क्रिस्टलबद्दल विचारलंत. ‘के-नाइन’ म्हणून विकतात ती स्वच्छ, पैलू पाडलेली चांगली काच असते, त्यात शिसं नसतं. ती घ्यायला हरकत नाही. ॲक्रिलिकचे लोलक हातात हलके आणि कोमट लागतात, काचेचे जड आणि गार. ॲक्रिलिकवर पुसण्याचे ओरखडे उठतात आणि काही वर्षांत पिवळी झाक येते. काचेचा एखादा लोलक फुटला तर ग्वाल्हेरच्या लोकांना फारशी चिंता नाही, फिरोजाबाद आग्र्याच्या पुढेच आहे आणि तिथे नमुना दाखवून तसाच लोलक मिळण्याची शक्यता चांगली असते. तरी खरेदी करतानाच आठ-दहा जास्तीचे मागून घ्या.

पण खरा प्रश्न तुम्ही ते पुसणार आहात का, हा आहे. उन्हाळ्यात लूबरोबर येणारी बारीक धूळ, त्यावर कूलरची ओलसर हवा, आणि मोकळ्या स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफ. या तिघांचा मिळून लोलकांवर चिकट थर बसतो आणि वर्षभरात क्रिस्टल काचेसारखं न दिसता मेणासारखं दिसायला लागतं. शंभर लोलकांचं झुंबर वर्षातून दोनदा, गणपतीआधी आणि दिवाळीआधी, नीट पुसायचं तर अर्धा दिवस जातो. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग शुद्ध पाणी, मऊ सुती कापडावर घेऊन. पाणी झुंबरावर फवारू नका, कापडावर घ्या. बोअरचं पाणी वापराल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. ही मेहनत घरात कोणाच्याही वाट्याला येणार नसेल तर लोलकांऐवजी सपाट दुधी काचेचं किंवा पितळी नळ्यांचं साधं झुंबर घ्या.

वर तोंड असलेल्या वाट्यांची शेडही टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये दिव्यावर किडे येतात, त्या वाट्यांत मरून पडतात, आणि किड्यांमागे पाली येतात. जेवणाच्या ताटाच्या वर हे नको. पिवळसर उजेडाकडे पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात, ३००० केल्विनचा हा आणखी एक फायदा.

टेबलाला वरून काच आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर उघडे बल्ब त्या काचेत जसेच्या तसे दिसतात आणि खाली पाहून जेवणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. काळ्या पॉलिशच्या ग्रॅनाइटचंही तसंच. दोन्हींसाठी खालून दुधी पडदा असलेला दिवा हवा.

आता ओटा. त्यावर शेगडी असेल तर वर काहीही टांगू नका, तिथे चिमणीची जागा आहे. शेगडी नसेल तर झुंबर चालेल, पण क्रिस्टलचं नाही आणि जोडीचं तर नाहीच. एका नजरेत येणाऱ्या जागेत दोन झुंबरं एकमेकांशी भांडतात. टेबलावरचं मुख्य राहू द्या, ओट्यावर साडेतीन फुटांचा, तीन-चार इंच रुंद, सपाट, बंद काचेचा लांबट दिवा घ्या, जो ओल्या फडक्याने एका झटक्यात पुसता येईल. दोन्हींचा तळ जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवा, जागा आपोआप नीटस दिसते. दिवा ओट्याच्या बरोबर मध्यावर हवा. तो मागे सरकला तर चिरणारीची सावली विळीवर किंवा सुरीवर पडते. उजेडाचा रंग टेबलासारखाच ३००० ठेवा. कोथिंबीर निवडायला, तांदूळ बघायला जास्त पांढरा उजेड हवा असेल तर भिंतीकडच्या कपाटांच्या खाली ४००० ची पट्टी लावा, तिचं बटण वेगळं.

आणि हंड्या. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. तीन हंड्या एका ओळीत टांगल्या की लांबट झुंबर तयारच झालं. ६ फुटी टेबलावर ४ फुटांची सागवानी किंवा पितळी आडवी पट्टी, तिला दोन टांगा, आणि खाली तीन हंड्या, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर. आठ ते दहा इंच व्यासाच्या असतील तर मधे पुरेशी हवा राहते. सगळं मिळून वजन क्रिस्टलच्या झुंबराहून कमी, पुसायला तीनच वस्तू.

आधी त्या उजेडात धरून पाहा. काठापाशी, जिथे पितळी कडं बसतं तिथे, केसासारखी चीर असेल तर ती हंडी वर टांगायची नाही, शेल्फवर ठेवायची. काच बिनरंगी किंवा दुधी असेल तर टेबलावर उत्तम. निळ्या-हिरव्या हंड्या मात्र टेबलावर नकोत, त्या उजेडात अन्न ओळखू येत नाही. त्या प्रवेशद्वारापाशी किंवा देवघराच्या वाटेवर लावा. जुनी कापडी वेष्टनाची तार असेल तर सगळी काढून टाका. नवी तीन तारांची केबल, प्रत्येक हंडीत ई-२७ चा होल्डर, ५-६ वॅटचा दुधी एलईडी बल्ब. हंडीचं तोंड वर उघडं असतं, म्हणून किड्यांसाठी वर पितळी झाकणी किंवा बारीक जाळी बसवून घ्या, थोडी हवा खेळेल अशी. साखळीच्या कड्या जुन्या आहेत, त्यांवर भार देऊ नका. आतून बारीक स्टीलची तार घ्या आणि साखळी शोभेला ठेवा. काच आणि धातू जिथे भिडतात तिथे रबराचा वॉशर, आणि स्क्रू हातानेच, पक्कड न लावता आवळायचे.

हंड्यांचा व्यास आणि काचेचा रंग कळवलात तर पट्टीची लांबी आणि टांगांची जागा मी नेमकी काढून देईन. सीलिंगवाल्याला तोपर्यंत थांबवून ठेवा.